सव्वापाच इंची खण

नवा डेस्कटॉप संगणक घ्यायला गेलात तर कॅबिनेटच्या दर्शनी बाजूला जाळी, काच आणि रंगीत दिवे लावलेले पंखे दिसतात. सीडी घालायची जागा बहुतेक वेळा नसतेच. ॲपलने २०१२ साली आयमॅकमधून ती काढून टाकली, बाकीच्यांनी मागाहून, फारसा गाजावाजा न करता. तरीही जुन्या संगणकातला डीव्हीडी ड्राइव्ह बंद पडला की लोक अस्वस्थ होतात आणि त्याला सबळ कारणं असतात. सीटी स्कॅनच्या केंद्रातून मिळालेली सीडी उघडून पाहायची असते. २००४ सालच्या लग्नाच्या चार व्हीसीडी कपाटात असतात आणि त्या लग्नातले निम्मे वडीलधारे आता नसतात. एखाद्या लहान कारखान्यात यंत्राचं सॉफ्टवेअर फक्त सीडीवरच उरलेलं असतं. वकिलांच्या कार्यालयातल्या जुन्या फाइलींना तर सीडीची पाकिटं टाचलेली असतातच.

संगणकाच्या पोटातला जो भाग घरच्या घरी सगळ्यात निर्धोकपणे बदलता येतो, तो हा ड्राइव्ह. चार स्क्रू, दोन केबल आणि फार तर अर्धा तास. मात्र स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी दोन प्रश्न सोडवावे लागतात: खरोखर ड्राइव्हच गेला आहे का, आणि नवा नेमका कशासाठी हवा आहे. बरेच जण हे दोन्ही प्रश्न वगळून थेट खरेदीकडे वळतात आणि मग नव्या ड्राइव्हमध्येही तीच तबकडी अडते.

सगळ्यात सामान्य तक्रार म्हणजे ट्रे बाहेर न येणं. बटण दाबल्यावर आतून कुरकुर ऐकू येते, पण ट्रे जागचा हलत नाही. यात बहुतेक वेळा दोष असतो तो एका लहानशा रबरी पट्ट्याचा. मोटरीचं फिरणं ट्रेच्या दातेरी चाकांपर्यंत नेणारा हा पट्टा काही वर्षांनी सैल आणि गुळगुळीत होतो, मग मोटर फिरते आणि पट्टा जागीच घसरत राहतो. वाचणारा भाग तोवर ठणठणीत असू शकतो. ड्राइव्हच्या दर्शनी पट्टीवर टाचणी जाईल एवढं एक भोक असतं, ते यासाठीच. संगणक बंद करून, सरळ केलेली जेम क्लिप त्या भोकात आडवी घालून दाबली की ट्रे थोडा बाहेर सरकतो. पुढचा हाताने ओढता येतो. आत अडकलेली तबकडी काढायला ड्राइव्ह फोडायची गरज नाही.

दुसरी तक्रार अधिक बोलकी आहे. सीडी व्यवस्थित चालते, डीव्हीडी मात्र घातली की ड्राइव्ह नुसता घरघरतो. किंवा अगदी उलट. एकाच भिंगातून दोन्ही वाचल्या जातात, तर मग असं का? कारण त्या भिंगामागे लेसर दोन असतात. सीडी वाचणारा ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, जवळजवळ अदृश्य अवरक्त. डीव्हीडी वाचणारा ६५० नॅनोमीटरचा, लाल. ब्लू-रे ड्राइव्हमध्ये ४०५ नॅनोमीटरचा जांभळट तिसरा. यातला एक थकला आणि दुसरा शाबूत राहिला की नेमकी अशी अर्धी सेवा मिळते. अशा वेळी साफसफाईने फारसं काही साधत नाही, ड्राइव्ह बदलावा.

तिसरी तक्रार लेसर मरण्याआधीची आहे. कंपनीने छापलेली चित्रपटाची सीडी चालते, घरी राइट केलेली चालत नाही. छापील सीडीत प्लास्टिकवर दाबून उमटवलेल्या खळग्यांवर ॲल्युमिनियमचा थर असतो आणि तो पडलेल्या प्रकाशातला ७० टक्के किंवा अधिक परत पाठवतो. पुन्हापुन्हा लिहिता येणारी सीडी जेमतेम १५ ते २५ टक्के प्रकाश परत पाठवते. लेसर अशक्त झाला किंवा भिंगावर धूळ साचली की आधी ही मंद तबकडी हातची जाते, मग एकदाच राइट होणारी, आणि छापील शेवटी. म्हणून ड्राइव्ह तपासताना निदान तीन वेगवेगळ्या तबकड्या घालून बघाव्यात आणि त्यातली एक तरी दुकानातून विकत घेतलेली, छापील असावी. तिन्ही अडल्या तर दोष ड्राइव्हचा. छापील असून एकच अडली तर तिचा.

भिंगावरची धूळ असेल तर एकदा पुसून पाहायला हरकत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून निथळलेला कापसाचा बोळा, अगदी हलक्या हाताने. ते भिंग केसासारख्या तारांवर अधांतरी टांगलेलं असतं. तबकडी फिरताना अर्ध्या मिलिमीटरपर्यंत वरखाली डुलू शकते आणि भिंगाला मात्र आपलं अंतर दोन-एक मायक्रॉनांच्या आत धरून ठेवायचं असतं. ते ठेवण्यासाठी भिंगाभोवतीच्या बारीक गुंडाळ्या अव्याहत त्याला वर-खाली, डावी-उजवीकडे हलवत असतात. बोटाचा एक जोरदार दाब या सगळ्या रचनेला पुरेसा आहे. झाकण उघडून ड्राइव्ह चालू ठेवणं तर टाळाच. बंद पेटीत हे उपकरण पूर्ण सुरक्षित असतं, पण राइट करणारा लेसर उघड्यावर डोळ्याला इजा करू शकतो. सीडीचा अवरक्त झोत तर डोळ्याला नीट दिसतही नाही, त्यामुळे पापणी आपसूक मिटण्याची सोयसुद्धा नाही.

ड्राइव्ह संगणकाला दिसतच नसेल, तर तपासाचा क्रम ठरलेला आहे. बटण दाबल्यावर ट्रे उघडतो का? उघडत असेल तर वीज पोचते आहे. मग डेटा केबल काढून घट्ट बसवा, नाहीतर बदलून बघा. संगणक सुरू होताना बायोसमध्ये ड्राइव्हचं नाव येतं, पण विंडोजमध्ये मात्र तो सापडत नाही, असंही होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि १९ किंवा ३९ क्रमांकाची चूक दिसली, तर यंत्र निर्दोष आहे असं समजायला हरकत नाही. सीडी राइट करण्याच्या एखाद्या जुन्या प्रोग्रॅमने विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘अपरफिल्टर्स’ आणि ‘लोअरफिल्टर्स’ नावाच्या नोंदी मागे सोडलेल्या असतात आणि त्याच वाट अडवतात. त्या काढल्या की ड्राइव्ह परत येतो. रजिस्ट्रीची प्रत आधी काढून ठेवावी, एवढंच पथ्य. या एका कारणापायी किती चांगले ड्राइव्ह भंगारात गेले असतील, देव जाणे.

आता खणाबद्दल. ज्या जागेत हा ड्राइव्ह बसतो तिला सगळे सव्वापाच इंची म्हणतात, पण पट्टी लावून मोजलीत तर ड्राइव्हची रुंदी १४६ मिलिमीटर, म्हणजे पावणेसहा इंच भरते. सीडी स्वतः १२० मिलिमीटरची, पावणेपाच इंचांनाही जरा कमी. मग सव्वापाच कुठून आले? ते फ्लॉपीचं माप. १९७६ साली शुगार्ट असोसिएट्स या अमेरिकी कंपनीने सव्वापाच इंची फ्लॉपीचा ड्राइव्ह बाजारात आणला आणि त्याच्या पेटीचं माप पुढे सगळ्या उद्योगाचं झालं. सुरुवातीला तो सव्वातीन इंच उंच असे. नंतर उंची निम्म्यावर, ४१ मिलिमीटरच्या आसपास आली. सीडी १९८२ साली आली ती गाणी ऐकायला. संगणकात शिरताना तिने फ्लॉपीची ही रिकामी होत चाललेली जागाच धरली. स्क्रूच्या भोकांच्या जागासुद्धा ठरलेल्या आहेत. म्हणून आज विकत घेतलेला ड्राइव्ह वीस वर्षांपूर्वीच्या कॅबिनेटात भोकाला भोक जुळून बसतो. संगणकाच्या जगात इतका टिकाऊ समझोता विरळा. लॅपटॉपमध्ये १२.७ की ९.५ मिलिमीटर जाडीचा, कुठल्या आकाराच्या दर्शनी पट्टीचा, असे शंभर घोळ असतात. डेस्कटॉपवाल्याला ती चिंता नाही. अपवाद फक्त अगदी चपट्या ब्रँडेड डेस्कटॉपचा, ज्यांत लॅपटॉपसारखाच पातळ ड्राइव्ह असतो. तेव्हा झाकण उघडून आधी बघा, मग दुकानात जा.

बघायचं ते मुख्यतः मागच्या जोडण्यांकडे. जुन्या ड्राइव्हला चार बोटं रुंद, राखाडी, चपटी पट्टीसारखी केबल लावलेली असेल तर तो आयडीई. अंगठ्याएवढी अरुंद, बहुधा लाल किंवा काळी असेल तर तो साटा. २००३ सालापासून साटा आला आणि काही वर्षांत आयडीई मागे पडला. आयडीईवर चालणारे नवे ड्राइव्ह आता मिळत नाहीत. जुन्या बाजारातून घ्यावा लागतो किंवा मधे रूपांतर करणारी छोटी पट्टी लावावी लागते. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या, म्हणजे पाटीवरच्या नावाने डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाच्या, गल्ल्यांत अशा वस्तूंची चौकशी करावी. आयडीई ड्राइव्ह लावताना मागचा इवलासा जंपर विसरू नका: एका केबलवर दोन यंत्रं असतील तर एक मास्टर, दुसरं स्लेव्ह. ऐंशी तारांच्या केबलचं निळं टोक मदरबोर्डकडे, काळं टोक मास्टरला, मधलं राखाडी स्लेव्हला. केबलची लाल कडा ड्राइव्हच्या वीज-जोडणीच्या बाजूला येते.

साटात हे काहीच नाही. दोन्ही जोडण्यांचा आतला आकार इंग्रजी एल अक्षरासारखा असल्याने त्या उलट्या बसूच शकत नाहीत. डेटाची सात टोकांची, विजेची पंधरा टोकांची. तुमच्या एसएमपीएसमधून, म्हणजे वीजपुरवठ्याच्या पेटीतून, साटाची वीजतार येत नसेल, फक्त जुनी चार टोकांची जाडजूड मोलेक्स येत असेल, तर मधे अडॅप्टर लागतो. इथे दहा-वीस रुपये वाचवू नका. प्लास्टिकमध्ये एकसंध ओतलेल्या स्वस्त अडॅप्टरमध्ये आतल्या तारा एकमेकींना टेकून ते वितळल्याची, जळाल्याची उदाहरणं आहेत. तारा स्वतंत्रपणे खाचेत दाबून बसवलेला, मागून प्रत्येक तार दिसेल असा अडॅप्टर घ्या.

ड्राइव्ह कोणता घ्यायचा? साधा डीव्हीडी रायटर. तो सीडी वाचतो, लिहितो, डीव्हीडी वाचतो, लिहितो आणि बहुतेकांना तेवढंच हवं असतं. डीव्हीडी-आर आणि डीव्हीडी+आर यांच्यातलं जुनं भांडण आता ध्यानात ठेवायचं कारण नाही, सगळे ड्राइव्ह दोन्ही चालवतात. ब्रँडवरही फार विचार नको, कारण बनवणारे उरलेच थोडे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘एचएल-डीटी-एसटी’ असं गूढ नाव दिसलं तर दचकू नका: ती हिताची आणि एलजी यांची संयुक्त कंपनी. सोनीने ड्राइव्ह बनवणं २०१३ च्या सुमारास थांबवलं आणि राइट करता येणाऱ्या कोऱ्या ब्लू-रे तबकड्यांचं उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये. हा धंदा आवरता घेतला जातो आहे. गरज असेल तर पुढच्या वर्षावर ढकलू नये.

ब्लू-रे ड्राइव्ह घ्यावा का? ज्याच्याकडे ब्लू-रे तबकड्या आहेत त्याने घ्यावा. एका थरात २५ जीबी मावतात, डीव्हीडीत ४.७, सीडीत ७०० एमबी. पण चार-के चित्रपटांच्या अल्ट्रा एचडी ब्लू-रे संगणकावर पाहण्याचा बेत असेल तर थांबा. त्या अधिकृतपणे चालवायला इंटेलच्या प्रोसेसरमधली एक सुरक्षा-सोय लागत असे. इंटेलने २०२१ साली आलेल्या अकराव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरपासून ती काढून टाकली. म्हणजे संगणक जितका नवा तितका हा चित्रपट चालण्याची शक्यता कमी. अशा कारभाराला काय म्हणावं!

यूएसबीने लावायचा बाहेरचा ड्राइव्ह हा सोपा पर्याय आहे, आणि दोन-चार तबकड्यांपुरतं काम असेल तर तोच घ्या. शेकड्याने तबकड्या उतरवायच्या असतील तर मात्र आतला अर्ध्या उंचीचा ड्राइव्ह केव्हाही सरस. बाहेरचे ड्राइव्ह बहुधा लॅपटॉपच्याच बांध्याचे पातळ असतात आणि त्यांना यूएसबी २.० च्या जोडणीतून ५०० मिलिअँपिअर एवढ्याच विजेची हमी असते. तबकडीला वेग देताना त्यांची दमछाक होते. असा ड्राइव्ह वापरलातच तर तो हबला किंवा कॅबिनेटच्या पुढच्या जोडणीला न लावता मागे, थेट मदरबोर्डवरच्या जोडणीला लावा.

आणखी एक गोष्ट परदेशातून येणाऱ्या तबकड्यांची. डीव्हीडीच्या जगाचे प्रदेश पाडलेले आहेत: भारत पाचव्या प्रदेशात, अमेरिका पहिल्यात, ब्रिटन आणि आखाती देश दुसऱ्यात. ड्राइव्हचा प्रदेश पाचच वेळा बदलता येतो, नंतर शेवटचा कायमचा. हा हिशेब ड्राइव्हच्याच स्मृतीत राहतो, त्यामुळे विंडोज पुन्हा टाकून तो पुसला जात नाही. न्यू जर्सीच्या भावाने पाठवलेला हॉलिवूडचा चित्रपट पुण्यात चालत नाही, त्यात बिघाड कुणाचाच नसतो. आपल्याकडच्या पुष्कळ चित्रपटांच्या डीव्हीडी सर्व प्रदेशांसाठी असत, म्हणून आपल्याला या भानगडीची सवय नाही.

आता प्रत्यक्ष काम. संगणक बंद करा, मागची वायर काढा आणि सुरू करायचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. कॅबिनेट टेबलावर घ्या. एका हाताने त्याच्या उघड्या, रंग न दिलेल्या धातूला स्पर्श करा. अंगावरची स्थिर वीज तिथे उतरते. एसएमपीएसची पेटी मात्र कधीही उघडायची नाही. वायर काढल्यावरही तिच्या आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक दाब राहू शकतो. आपल्याला तिच्याशी कर्तव्यही नाही.

कॅबिनेटच्या दोन्ही बाजू काढाव्या लागतात, कारण ड्राइव्हला दोन्हीकडून स्क्रू असतात. नवशिके एकच बाजू उघडतात आणि ड्राइव्ह का सुटत नाही म्हणून ओढत बसतात. आधी मोबाइलवर आतला फोटो काढून ठेवा. मग केबल सोडवा. साटा केबलच्या टोकाला बहुधा धातूची छोटी पट्टी असते, ती दाबून धरल्याशिवाय केबल निघत नाही आणि जोर केला तर ड्राइव्हची नाही तरी मदरबोर्डवरची जोडणी उपटून येते. तार न ओढता टोक धरून ओढायचं. काही ब्रँडेड यंत्रांत स्क्रूच नसतात, एक रंगीत खटका सरकवला की ड्राइव्ह सुटतो.

ड्राइव्ह मागून ढकलायचा आणि पुढून काढायचा. कॅबिनेटात मागच्या बाजूने तो निघेल अशी जागा नसते. पुढची प्लास्टिकची चौकट आधी काढावी लागली तर तिचे खटके आतून दाबत जा. चौकटीला पॉवरच्या बटणाच्या बारीक तारा जोडलेल्या असू शकतात, त्या ताणल्या जाणार नाहीत इतकीच ती सरकवा. जागा रिकामी झाली की ब्रशने धूळ काढून घ्या. वर्षानुवर्षांचं कापसासारखं काहीतरी तिथे साठलेलं असतंच. पंखा झटकताना बोटाने धरून ठेवा.

नव्या ड्राइव्हची दर्शनी पट्टी ब्रँडेड कॅबिनेटशी जुळत नाही, असं अनेकदा होतं. जुन्याची पट्टी नव्याला लावता येते का बघा. ट्रेच्या तोंडाची पट्टी काढायला ट्रे बाहेर हवा, आणि वीज नसताना तो बाहेर काढायचा मार्ग म्हणजे पुन्हा तीच जेम क्लिप.

मग ड्राइव्ह पुढून आत सरकवा. स्क्रूंच्या बाबतीत सावध. ऑप्टिकल ड्राइव्हला लागतात ते बारीक आट्यांचे, तीन मिलिमीटर व्यासाचे एम-३ स्क्रू. हार्ड डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे, वेगळ्या मापाचे असतात. दोन्ही दिसायला सारखे, आणि डब्यात एकत्रच पडलेले. चुकीचा स्क्रू पहिले दोन वेढे जातो, मग अडतो. तिथे जोर केलात तर भोकाचे आटे जातात. हाताने सहज फिरतो तोच योग्य. चारही स्क्रू आधी सैल लावा, ड्राइव्हचं तोंड चौकटीशी समतल आणा, ट्रे घासत नाही ना ते पाहा आणि मगच आवळा. फार आवळू नका. ड्राइव्हच्या मागे एसएमपीएस अगदी लगटून असेल तर केबल ड्राइव्ह पूर्ण आत जाण्यापूर्वीच लावून घेणं सोयीचं पडतं.

बाजू लावण्यापूर्वी एकदा संगणक सुरू करून बघा. बायोसमध्ये नाव आलं की काम झालं. विंडोजला किंवा लिनक्सला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. ड्राइव्हबरोबर मिळणाऱ्या सीडीत काही असलंच तर ते राइट करण्याचं सॉफ्टवेअर. नाव आलं नाही तर केबल मदरबोर्डच्या दुसऱ्या साटा जोडणीत लावा. अलीकडच्या अनेक मदरबोर्डवर एम-टू खाचेत एसएसडी बसवली की एखाददुसरी साटा जोडणी आपोआप बंद होते, हे पुस्तिकेत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. चित्रपटाची डीव्हीडी विंडोज १० वर चालत नसेल तर घाबरू नका. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने ती फुकट सोय काढून घेतली. व्हीएलसी हा मोफत प्लेअर टाका.

ड्राइव्ह बसला. आता तो ज्यासाठी आणला ते काम करा, आणि लगेच करा. कारण राइट केलेल्या तबकडीवर माहिती टिकते ती सेंद्रिय रंगाच्या एका पातळ थरात, आणि हा रंग उजेड, उष्णता व दमटपणा यांनी हळूहळू बिघडतो. सीडीची एक विपरीत गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते: तिची नाजूक बाजू खालची, चकाकणारी नाही. माहितीचा थर वरच्या बाजूला, जिथे नाव लिहितात तिथे, लॅकरच्या एका पापुद्र्याखाली असतो. खालून १.२ मिलिमीटर प्लास्टिकचं कवच आहे, तिथला ओरखडा पॉलिश करून निघू शकतो. वरून बॉलपेनने दाबून लिहिलेलं ‘चि. सौ. कां.’ थेट माहितीवर उमटलेलं असू शकतं. फोटोवाल्याने चिकटवलेलं कागदी लेबल सुटत आलं असेल तरी ओढू नका, थरासकट येईल. डीव्हीडीत माहिती दोन पातळ चकत्यांच्या मधे असते, म्हणून ती या बाबतीत बरी. ब्लू-रेमध्ये ती खालच्या पृष्ठभागापासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर असते, वर कठीण लेप देऊन.

उतरवण्याची सुरुवात व्हीसीडींपासून करा. आपल्याकडे डीव्हीडीच्या आधी आणि नंतरही व्हीसीडीचं राज्य होतं. नोएडाच्या मोझर बेअरने २८ रुपयांत चित्रपटाची व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकली तेव्हा तर त्या भाजीसारख्या खपल्या. ती कंपनी २०१८ साली दिवाळखोरीत निघाली. व्हीसीडी आधी का? तर सीडीवरच्या माहितीचे तुकडे पाडलेले असतात. साध्या सीडीत प्रत्येक तुकड्यात २,०४८ बाइट माहिती आणि शिवाय चुका दुरुस्त करण्यासाठी जादा मजकूर असतो. व्हीसीडीत चित्रपट जास्त मावावा म्हणून या जादा दुरुस्तीची जागाही चित्रानेच व्यापली: तुकड्यागणिक २,३२४ बाइट. खाली सीडीची मूळ दुरुस्ती-व्यवस्था असते, जी अडीच मिलिमीटर लांबीपर्यंतचा सलग ओरखडा भरून काढू शकते. पण वरचं दुसरं कवच नाही. म्हणून लग्नाच्या व्हीसीडीतली फाइल नेमकी मंगलाष्टकांच्या मध्यावर अडते आणि कॉपी तिथेच संपते. चुकलेले तुकडे वगळून पुढे जाणारा प्रोग्रॅम वापरा. चार चौकटी खराब दिसतील, लग्न मिळेल.

तबकडी पुसायची ती मऊ कापडाने, मधून काठाकडे सरळ. गोल गोल पुसू नका, कारण माहितीची पाच किलोमीटरहून लांब सर्पिल रेघ मधल्या बाजूने सुरू होऊन गोलच फिरत बाहेर येते. तिच्या दिशेने पडलेला ओरखडा आडव्यापेक्षा जास्त माहिती गिळतो. मधल्या भोकापासून तडा गेलेली तबकडी ड्राइव्हमध्ये घालू नका. ५२ पट वेगाला ती मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते आणि तडकलेली आतच फुटते. बुरशीचीही भीती असते: मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशात सीडीचा ॲल्युमिनियमचा थर आणि प्लास्टिक खाणारी बुरशी २००१ साली नोंदली गेली. कोकणातल्या बंद कपाटांना हा दूरचा इशारा समजा.

सीटी स्कॅन किंवा एमआरआयची सीडी उतरवताना एक-एक चित्र वेगळं काढू नका. सगळं फोल्डर जसंच्या तसं घ्या, कारण आतली अनुक्रमणिकेची फाइल आणि चित्रं एकत्र असली तरच दवाखान्यातलं सॉफ्टवेअर ती ओळखतं. न्यायालयीन वादातली सीडी असेल तर मूळ तबकडी नष्ट करण्याचा विचारही नको. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतं, तेव्हा प्रत कशी काढायची हे आधी वकिलांना विचारा. बाकी सगळ्यांनी प्रत निघाल्यावर ती अखेरपर्यंत चालवून पाहावी आणि दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी.

काढलेला जुना ड्राइव्ह हे सगळं संपेपर्यंत टाकू नका. दोन ड्राइव्ह एकच तबकडी सारखी वाचत नाहीत. एकाला जिथे चूक आढळते तिथे दुसरा सहज पुढे जातो, असा अनुभव वारंवार येतो. लिनक्सवरचा डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्रॅम तर दोन ड्राइव्हनी वाचलेले तुकडे एकत्र करून पूर्ण प्रत बनवू शकतो. शेवटची तबकडी उतरली की जुना ड्राइव्ह भंगारवाल्याला न देता अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्या.